दुसऱ्याचं पाप कोण वाहतो?

नारदाने वाल्या कोळ्याला विचारलेला प्रश्न मराठी घरात लहानपणीच कानावर पडतो. वाटसरूंना लुटून तू जे घरी नेतोस, ते बायकापोरं खातात. मग या पापातही ती वाटेकरी होतील का, जाऊन विचारून ये. वाल्या घरी जातो, एकेकाला विचारतो आणि सगळ्यांचा नकार घेऊन परत येतो. आम्हाला पोसणं तुझं काम, पाप तुझं तुलाच. गोष्ट पुढे रामनामाकडे वळते, पण ऐकणाऱ्याच्या मनात घर करतो तो हा नकार. करावं तसं भरावं. एकाने केलं आणि दुसऱ्याने भरलं, हा हिशेब आपल्याला पटत नाही.

म्हणूनच ख्रिस्ती शेजारी ‘येशू आमच्या पापांसाठी मेला’ असं म्हणतो तेव्हा ऐकणारा अडखळतो. दोष ज्याचा, त्याने काही भरलं नाही. जो मेला, त्याचा दोष काही नव्हता. शिवाय देवाला क्षमाच करायची होती, तर ती तशीच का केली नाही? मध्ये मरण कशाला हवं? हे प्रश्न मुळीच उद्धटपणाचे नाहीत. ख्रिस्ती धर्मातल्या मोठमोठ्या विचारवंतांनी ते स्वतःच विचारले आणि उत्तरं देताना एकमेकांशी कडाक्याचे वाद घातले. या उत्तरांना मिळून ख्रिस्ती ईश्वरविद्येत प्रायश्चित्ताचा सिद्धांत म्हणतात.

तेरच्या कुंभाराची कथा

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. धर्मगुरूची अध्यक्षपदी निवड झाली म्हणून काहींनी विरोध केला होता. संमेलन मात्र पार पडलं. याच जिल्ह्यातल्या तेर गावी गोरोबा काकांची समाधी आहे. पापाची भरपाई म्हणजे काय, हे समजून घ्यायला गोरोबांच्या कथेइतकी चांगली सुरुवात मला दुसरी दिसत नाही.

गोरा कुंभार विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवत असताना त्यांचं तान्हं मूल पायाखाली आलं आणि त्याच चिखलात गेलं. बायकोने आकांत केला. भजनात व्यत्यय आला म्हणून गोरोबा तिच्यावर धावून गेले, तेव्हा तिने विठ्ठलाची आण घातली: मला हात लावाल तर खबरदार. ती आण त्यांनी पाळली. पुढे दुसरं लग्न झालं, सासऱ्याने दोघींना सारखं वागवण्याची शपथ घातली, म्हणून त्यांनी दुसरीलाही हात लावला नाही. एका रात्री झोपेत त्यांचे हात बायकांच्या अंगावर आले. सकाळी ते पाहून त्यांनी आपले हात तोडून टाकले. अखेर पंढरपुरात, कीर्तनाच्या गजरात, त्यांना हात पुन्हा फुटले आणि मेलेलं मूल रांगत आईकडे आलं.

या कथेत हात तुटले ते मोडलेल्या शपथेपायी. मुलाच्या मरणाची भरपाई त्याने झाली नाही, होणारही नव्हती. गोरोबांनी आणखी काहीही तोडून दिलं असतं तरी आईची मांडी रिकामीच राहिली असती. देहदंड घेतला, म्हणून जे गेलं ते परत येत नाही. मूल परत आलं ते विठ्ठलाकडून, गोरोबांच्या हिशेबाच्या बाहेरून. गुन्हा, शिक्षा आणि मोडलेलं पुन्हा जुळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पुरी झाली म्हणजे तिसरी आपोआप होते असं नाही. प्रायश्चित्ताचा ख्रिस्ती सिद्धांत या फटीतच उभा आहे. माणूस स्वतःला कितीही शिक्षा करून घेवो, देवाशी आणि माणसांशी तुटलेलं नातं त्याच्या एकट्याच्या बळावर जुळत नाही. ते जुळवायला देवालाच यावं लागतं, असं तो सिद्धांत सांगतो.

दोन बोकड

येशू यहुदी होता आणि त्याचे पहिले शिष्यही यहुदी होते, त्यामुळे मुळाशी जायचं तर यहुद्यांच्या वार्षिक प्रायश्चित्तदिनापासून सुरुवात करावी लागते. बायबलच्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात त्याचा विधी दिला आहे. मुख्य याजकापुढे दोन बोकड आणायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी द्यायचा आणि त्याचं रक्त पडद्याआडच्या परमपवित्र स्थानात शिंपडायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकाने दोन्ही हात ठेवायचे, लोकांची सगळी पापं बोलून दाखवायची आणि त्या जिवंत बोकडाला रानात हाकलून द्यायचं.

तुळजापूरला नवरात्रात होमानंतर अजाबळीचा विधी होतो, त्यामुळे बोकडाचा बळी या जिल्ह्याला नवा नाही. पण तिथे बळी देवीला अर्पण केला जातो; गावाची पापं कुणी त्याच्या डोक्यावर ठेवत नाही. लेवीयातला दुसरा बोकड मारला जात नाही, तो ओझं घेऊन दूर जातो. पाप म्हणजे मनातली खंत एवढंच नव्हे, ती वस्तीत साचलेली घाण आहे आणि ती कुठेतरी वाहून न्यावी लागते, ही त्यामागची समजूत.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि बळी थांबले. प्रायश्चित्तदिन मात्र उपवास आणि प्रार्थनेच्या रूपात आजही पाळला जातो. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक तो घराची दारं लावून घेऊन, उपवास करून पाळत आले.

येशूला वधस्तंभावर दिलं ते सुमारे इसवी सन ३० मध्ये, यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत. गुन्हेगाराचं, लाजिरवाणं मरण. तीन दिवसांनी तो उठला अशी शिष्यांची खात्री झाली, तेव्हा या मरणाचा अर्थ लावणं त्यांना भाग पडलं. हाताशी जे शब्द होते ते त्यांनी वापरले. मंदिरातून बळी आला, गुलामांच्या बाजारातून खंडणी आली, न्यायालयातून निर्दोष ठरवणं आलं, घरातून समेट आला. इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात लिहिलेल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत यातले बरेचसे शब्द एकमेकांत मिसळून येतात. पण हे नेमकं घडतं कसं, ते त्याने पायरी-पायरीने सांगितलेलं नाही. ते काम पुढच्या पिढ्यांवर पडलं.

चौकट: मराठी चर्चमधले काही शब्द
वधस्तंभ किंवा क्रूस: येशूला ज्यावर खिळलं तो खांब, प्रोटेस्टंट मंडळी सहसा पहिला शब्द वापरतात, कॅथलिक दुसरा. तारण: पापापासून आणि मरणापासून सुटका. समेट: देव आणि माणूस यांचं तुटलेलं नातं जुळणं. मिस्सा: कॅथलिकांची भाकर-द्राक्षारसाची उपासना, प्रोटेस्टंट तिला प्रभुभोजन म्हणतात. प्रायश्चित्त संस्कार: कॅथलिकांमध्ये धर्मगुरूपुढे पाप कबूल करून क्षमा मिळवण्याचा विधी, सिद्धांताचं नाव आणि या विधीचं नाव यांत गल्लत करू नये.

अडथळा नेमका कुठे?

सगळ्या स्पष्टीकरणांना एकच प्रश्न लावला की ती पटकन उलगडतात: देव आणि माणूस यांच्यामध्ये अडथळा कुठे आहे?

पहिल्या हजार वर्षांतलं प्रमुख उत्तर असं, की अडथळा तिसरीकडे आहे. माणूस सैतानाच्या, पापाच्या आणि मरणाच्या कैदेत आहे आणि येशूने मरणात शिरून ती कैद आतून फोडली. इथे वधस्तंभ म्हणजे लढाई आणि पुनरुत्थान म्हणजे विजय. दुसऱ्या शतकातला लियॉनचा बिशप आयरेनियस याने त्याला आणखी एक जोड दिली: पहिला माणूस आदाम याने जे आयुष्य बिघडवलं तेच येशूने पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट जगून दाखवलं. पण खंडणी हा शब्द पेचात टाकतो. खंडणी दिली तर कुणाला? सैतानाला, असं म्हणणारे होते. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने तर देवाने सैतानाला गळाला लावल्याचं वर्णन केलं. त्याच्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे अजिबात मान्य नव्हतं: लुटारूला देवाने मोबदला का द्यावा? मला हा दुसरा ग्रेगरी बरोबर वाटतो. लढाईचं चित्र जोरकस आहे, पण त्यातल्या प्रत्येक तपशिलाचा हिशेब मागायला लागलं की ते मोडतं.

अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप अॅन्सेल्म याने सैतानाला बाजूलाच केलं. ‘देव माणूस का झाला’ असा प्रश्न नावातच असलेलं त्याचं पुस्तक १०९८ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या मते माणूस देवाचं देणं लागतो. पाप म्हणजे देवाला द्यायचा मान न देणं. हे देणं माणसाने फेडायला हवं, कारण ते त्याचं आहे; पण ते इतकं मोठं, की फेडण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून फेडणारा एकाच वेळी देव आणि माणूस असायला हवा. सरंजामी समाजात सरदाराच्या मानभंगाची भरपाई कशी होते, ते अॅन्सेल्मच्या वाचकांना रोजच्या व्यवहारातून माहीत होतं.

सोळाव्या शतकात जॉन कॅल्विनने देण्याच्या जागी शिक्षा ठेवली. तो कायदा शिकलेला होता आणि त्याच्या ‘ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वं’ या १५३६ च्या ग्रंथात न्यायालयाची भाषा ठायी ठायी आहे. नियम मोडला की शिक्षा होणारच. ती येशूने आपल्या जागी भोगली. आज मराठी प्रोटेस्टंट उपदेशांत हेच स्पष्टीकरण अधिक ऐकू येतं, आणि बाहेरच्या माणसाला सर्वांत जास्त खटकतं तेही हेच.

वाल्याच्या घरच्यांचा आक्षेप, युरोपात

खटकणारे युरोपातही होते. इटलीत जन्मलेला फाउस्टस सोसिनस याने सोळाव्या शतकात विचारलं: पैशाचं देणं दुसरा फेडू शकतो, पण फाशी दुसऱ्याने घेतली तर त्याला न्याय म्हणायचं का? आणि देणं पूर्ण फेडलं असेल तर क्षमा कसली? जे वसूल झालं ते माफ केलं असं कुणी म्हणत नाही. १७९३ मध्ये तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यानेही हाच मुद्दा मांडला: पापाचं देणं इतकं व्यक्तिगत आहे की ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. वाल्याच्या बायकोने हेच सांगितलं होतं. १६१७ मध्ये हॉलंडचा कायदेपंडित ह्यूगो ग्रोटियस सोसिनसला उत्तर द्यायला उभा राहिला. देवाला सावकार समजू नका, राज्यकर्ता समजा, असं त्याचं म्हणणं. राज्यकर्ता कायद्याची प्रतिष्ठा राखून माफी देऊ शकतो.

ग्रोटियसचं उत्तर हुशारीचं आहे, पण खरा पेच त्याने सुटत नाही. तो सुटतो त्रैक्याच्या शिकवणीने, आणि उपदेश करताना नेमकी हीच पायरी अनेकदा गाळली जाते. ख्रिस्ती मतानुसार पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव आहे. म्हणजे येशू हा देवाने रस्त्यावरून धरून आणलेला कुणी तिसरा, निरपराध माणूस नव्हे. ज्याचं येणं होतं, तोच फेडायला आला.

धाराशिवच्या शेतकऱ्याला हे कर्जमाफीच्या उदाहरणातून चटकन कळेल. जामीनदार असतो तेव्हा बँक एकाचं कर्ज दुसऱ्याकडून वसूल करते. जामीनदार चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त असतं. कर्जमाफीत तसं होत नाही. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना घ्या किंवा २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना घ्या: सातबाऱ्यावरचा बोजा उतरला म्हणून ते पैसे हवेत विरून गेले नाहीत. शेतकऱ्याच्या खात्यावरून उतरलेली रक्कम तिजोरीतून गेली. माफी मिळणाऱ्याला फुकट असते, देणाऱ्याला कधीच नसते. आता अशी कल्पना करा, की धनको स्वतःच स्वतःच्या खिशातून तो बोजा उचलतो. वधस्तंभावर हे घडलं, असं ख्रिस्ती सिद्धांत म्हणतो. ‘देवाने तशीच क्षमा का केली नाही’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: तशीच, म्हणजे कुणालाच काही न पडता, क्षमा कधी होतच नाही. ज्याच्या मुलाला दुसऱ्याने मारलं आणि ज्याने तरीही सूड घेतला नाही, त्या बापाला विचारावं, क्षमा किती महाग असते ते.

कोपलेल्या बापाने राग शमवण्यासाठी निरपराध मुलाला मारलं, असं जे चित्र काही प्रवचनांतून रंगवलं जातं, ते म्हणूनच चुकीचं आहे. त्यात बाप आणि मुलगा एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि सिद्धांताचा कणाच निघून जातो.

अबेलार्ड आणि प्रेमाची वाट

बाराव्या शतकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या पीटर अबेलार्डने अडथळा पार वेगळ्या जागी दाखवला. देव केव्हाचा क्षमा करायला तयार आहे. अडलंय ते माणसाच्या मनात. मन भीतीने आणि स्वार्थाने बंद झालेलं असतं. देवाने आपल्यासाठी एवढं सोसलं हे दिसलं, की ते विरघळतं आणि माणूस उलटून प्रेम करू लागतो. क्लेर्व्होचा बर्नार्ड त्याच्यावर तुटून पडला: मग येशू नुसता उदाहरण घालून देणारा शिक्षक उरतो, तारणारा कुठे राहिला?

वारकरी मनाला अबेलार्ड लगेच जवळचा वाटेल. देवाच्या प्रेमाने मन पालटतं हे ज्ञानोबा-तुकोबांनी आपल्याला शिकवलंच आहे. पण बर्नार्डचा आक्षेप मला डावलता येत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं काय? अत्याचार करणाऱ्याचं मन पाझरलं, तो रडला, सुधारला. बळी पडलेल्याचं नुकसान तसंच राहिलं. गोरोबांच्या कथेला मूल परत आल्याशिवाय शेवट नाही. ख्रिस्ती कथेलाही पुनरुत्थानाशिवाय शेवट नाही, कारण मरणाने जे नेलं ते परत आणण्याचा दावा तिथेच केला जातो.

मराठीत हा सिद्धांत कसा आला

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल इथे छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत निघाला, भाषा मात्र मराठी. त्याचे दोन भाग आहेत आणि येशूचा जन्म दुसऱ्या भागात येतो. आधीच्या छत्तीस अध्यायांत सृष्टीची उत्पत्ती, आदामाचं पतन आणि यहुद्यांचा इतिहास आहे. स्टीफन्सनी घाई केली नाही हे मला फार शहाणपणाचं वाटतं. काय मोडलं हे सांगितल्याशिवाय कोण जोडायला आला हे कळत नाही. ओवी ऐकत वाढलेल्या श्रोत्यांपुढे त्यांनी युक्तिवाद ठेवण्याऐवजी कथा ठेवली.

पंडिता रमाबाईंचा अनुभव आणखी शिकवणारा आहे. इंग्लंडमध्ये फुलहॅमला समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. येशू आणि शोमरोनी बाई यांच्या भेटीची गोष्ट त्यांना तिथेच भावली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्रैक्यासारख्या शिकवणींवर त्या आपल्या मार्गदर्शक भगिनीशी पत्रांतून सडेतोड वाद घालत राहिल्या. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त मात्र आठेक वर्षांनी सापडला, असं त्यांनी पुढे नोंदवलं आहे. प्रेमाच्या दर्शनाने त्या आत आल्या आणि ‘हे माझ्यासाठी झालं’ ही खात्री मागाहून आली. अबेलार्ड आणि बर्नार्ड एकाच आयुष्यात, एकामागून एक.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भावना होती आणि ख्रिस्ताला ते माउली म्हणत. त्यांच्या ‘अभंगांजली’त न्यायालयाचा वास कमी आणि लेकराची ओढ जास्त आहे. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरं राहिलं. ते पूर्ण केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, आणि त्यातला फार मोठा भाग त्यांचाच आहे.

मराठवाड्याच्या ख्रिस्ती समाजात दलित जातींतून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे आणि त्यांच्यासाठी प्रश्नच बदलतो. ज्याला पिढ्यानपिढ्या न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागली, त्याला ‘तू देवाचा अपराधी आहेस’ एवढंच सांगणं क्रूरपणाचं आहे. अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातून दलित ईश्वरविद्येची मांडणी सुरू केली, ती याच जाणिवेतून. गावकुसाबाहेर मारलेला, तुच्छ मानलेला येशू त्यांना स्वतःच दलित दिसतो. इथे वधस्तंभ सांगतो की देव मारणाऱ्यांच्या बाजूला नव्हता, मार खाणाऱ्याच्या जागी होता. जुन्या ग्रंथांतून ही बाजू फार मागे पडली होती, आणि माझ्या मते गेल्या शतकातली या विषयातली सर्वांत मोलाची भर हीच आहे.

यातलं अधिकृत उत्तर कोणतं, असं विचारलं तर ते नाही. इसवी सन ३२५ ची निकायाची परिषद आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची परिषद येशूच्या स्वरूपाबद्दल काटेकोर शब्द ठरवतात. तो आपल्यासाठी आणि आपल्या तारणासाठी आला एवढंही त्यांच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या घोषणेत, येतं. त्याच्या मरणाने तारण कसं घडतं, याचं एकच स्पष्टीकरण कोणत्याही सार्वत्रिक परिषदेने बंधनकारक केलेलं नाही. वाचकांना मुळातून पाहायचं असेल तर मराठी बायबलमधून चार ठिकाणं या क्रमाने वाचा: लेवीय १६, यशया ५३, मार्कच्या शुभवर्तमानाचे शेवटचे तीन अध्याय आणि रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय. एका बैठकीत होईल एवढंच ते आहे.